कोर्टाजवळचं झेरॉक्सचं दुकान : बारा प्रती, एक पेनी आणि एक उलटा फर्मा

पाचपैकी चार स्टार. पाचवा कुठं कापला ते पुढं येईल.

दुकानाचं नाव देत नाही, कारण मालकाचीच तशी विनंती आहे. "काका, नाव टाकू नका. आधीच वकील लोकं गिऱ्हाइकाला उभारायला जागा ठेवत नाहीत," असं ते म्हणाले आणि ते खरंही आहे. सोलापुरात जिल्हा न्यायालयाच्या आसपास झेरॉक्स, टायपिंग, स्टॅम्प, नोटरी अशी ओळच्या ओळ दुकानं आहेत. हे त्यातलंच एक. पुढं झेरॉक्सची दोन मशिनं, मध्ये पडद्याआड संगणक, आणि मागं अंधाऱ्या बोळात बाइंडिंग. पुढं मालक, मध्ये डीटीपी करणारी मुलगी, मागं एक वयस्कर बाइंडर. सगळं दुकान एवढंच.

माझं काम जरा वेगळं होतं. मी ३४ वर्षं कोर्टात नोकरी केली. कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो, सहायक अधीक्षक म्हणून सुटलो. आता आम्ही काही निवृत्त कर्मचारी दर रविवारी सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठावर जमतो. चालणं थोडं, बसणं फार. तिथं एक नियम आहे : महिन्यातून एकानं एक खटला सांगायचा, आणि तो आपण स्वतः हाताळलेला नसावा. नसता, कुठल्या साहेबानं कुणाला कसं झापलं यावरच गाडी जाते. गेल्या वर्षी एकानं सोलापूरचा मार्शल लॉ सांगितला. १९३० चा मे महिना, शहर लष्कराच्या ताब्यात, आणि मग १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. चार पुतळ्यांच्या चौकातून आम्ही रोज जातो, पण त्या दिवशी सगळे गप्प बसले होते. त्यानंतर बोलणं म्हणजे अवघडच. माझी पाळी आली तेव्हा मी गेलो थेट व्हर्जिनियाला, म्हणजे अमेरिकेतल्या इंग्रजांच्या वसाहतीत, १७६३ सालात. एकानं लगेच विचारलं, "का रे, सोलापुरातले खटले संपले काय?"

संपले नाहीत. पण मला ज्युरीचं, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य माणसांच्या पंचमंडळाचं, कुतूहल होतं. ३४ वर्षं कोर्टात काढली आणि ज्युरी डोळ्यानं बघितली नाही. बघणार कुठून, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. तर ज्युरीबद्दल वाचता वाचता मला एक असा खटला सापडला, की ज्यात कायदा एका बाजूला होता, राजा त्याच बाजूला होता, कोर्टही त्याच बाजूला होतं, आणि बारा माणसांनी पाच मिनिटांत तिघांनाही चाट मारली. ते तोंडी सांगून झालं नसतं. म्हणून हातानं लिहून काढलं, फुलस्केपची ११२ पानं. मंडळींना एकेक पुस्तिका द्यायची ठरवली. बारा प्रती.

आता दुकानाबद्दल. पहिला अनुभव चांगला. मालकानं कागद चाळले आणि भाव एकदम सांगून टाकले : मराठी टायपिंग पानाला ३० रुपये, छपाई एका बाजूला २ रुपये, दोरा घालून कापडी बाइंडिंग १४० रुपये. ए४ कागद मधून दुमडून छोट्या आकाराची पुस्तिका करू म्हणाले. "स्पायरल करून घ्या, स्वस्तात होतंय," असंही प्रामाणिकपणे सांगितलं. मी नको म्हणालो. स्पायरल लावलेली वस्तू मला अजूनही अपिलाच्या पेपरबुकासारखी दिसते.

टायपिंग करणारी मुलगी पंचविशीची असेल. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर बोटं अशी पळतात की मला आमच्या कोर्टातल्या जुन्या टायपिस्ट बाई आठवल्या. पण तिचं खरं वैशिष्ट्य वेगळं आहे. ती वाचते. टायपिंगवाले सहसा वाचत नाहीत, ते बघतात. तुम्ही 'वादी'च्या जागी 'प्रतिवादी' लिहिलंत तरी ते तसंच उतरवतील. ह्या मुलीचा दुसऱ्याच दिवशी फोन आला.

"काका, तुमचं एक चुकलंय. हितं लिहिलंय की पाद्र्याला वर्षाला १६,००० पौंड पगार. आणि खाली लिहिलंय की त्यानं ज्यादा पैशासाठी दावा केला. एवढा पगार असल्यावर कशाला दावा करंल?"

चूक माझीच होती. पौंड वजनाचाही आणि पौंड नाण्याचाही. पगार १६,००० पौंड तंबाखू असा होता. मी दुकानात गेलो आणि वजनाच्या पौंडाच्या जागी सगळीकडं 'रत्तल' करायला सांगितलं. रत्तल म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं. मागून बाइंडर ओरडले, "अर्धा किलोला थोडा कमी!" बरोबर. १६,००० रत्तल म्हणजे सुमारे ७,२५० किलो, बहात्तर क्विंटलच्या वर तंबाखू. दर वर्षी. एका पाद्र्याला.

"मग एवढ्या तंबाखूचं तो करायचा काय?" तिनं विचारलं.

विकायचा. व्हर्जिनियात तंबाखू हेच चलन. सरकारी कोठारात तपासून ठेवलेल्या तंबाखूच्या पावत्या पैशासारख्या हातोहात फिरत. इंग्लंडचं चर्च तिथं सरकारी, त्यामुळं पाद्र्याचा पगार गावावर कर लावून द्यायचा, तुम्ही त्या चर्चला जात असा वा नसा. १६,००० रत्तलाचा आकडा १७४८ च्या कायद्यात होता आणि त्या कायद्याला राजाची मंजुरी मिळालेली होती. ही मंजुरी लक्षात ठेवा, सगळा खटला तिच्यावर उभा आहे.

मग पाऊस कमी झाला. पीक गेलं की भाव चढतो, हे सोलापूरकराला सांगायला नको. तंबाखूचा भाव रत्तलाला २ पेन्सच्या (एक असली तर पेनी, जास्त असल्या तर पेन्स) आसपास असायचा, तो तिपटीवर गेला. म्हणजे पाद्र्याचा पगारही तिप्पट. मळेवाल्यांच्या पोटात दुखलं. तिथली विधानसभा म्हणजे मळेवालेच. त्यांनी आधी १७५५ साली दहा महिन्यांपुरता आणि मग १७५८ साली वर्षापुरता कायदा केला : तंबाखूत द्यायचं देणं आहे ते रोखीत देता येईल, रत्तलाला २ पेन्स ह्या दरानं. त्याचं नावच पडलं टू पेनी ॲक्ट. ह्यात पाद्री एकटा नव्हता, तंबाखूत फी घेणारे सरकारी अधिकारी आणि कोर्टाचे कारकूनही सापडले. पण कारकून गप्प बसले. कारकून गप्पच बसतो. पाद्री बसले नाहीत.

हा भाग टाइप करताना मुलीच्या हातून एक गंमत झाली. 'टू पेनी'चं दोन ठिकाणी 'टू पाणी' झालं. दुष्काळातून निघालेला कायदा म्हणून मी एका ठिकाणी तसंच ठेवावं का असा विचारही केला. मग नको म्हटलं, आमच्या कट्ट्यावर शुद्धलेखन तपासणारे दोन निवृत्त अनुवादक आहेत.

टायपिंगबद्दल एक तक्रार मात्र आहे. त्यांच्याकडं संगणकावर मराठी लिहायच्या जुनी श्रीलिपी आणि नवीन युनिकोड अशा दोन्ही पद्धती आहेत, आणि एकातून दुसऱ्यात नेताना जोडाक्षरं फुटतात. 'पाद्र्यांचा' हा शब्द माझ्या पुस्तिकेत पानोपानी आहे. पहिल्या प्रुफात तो सगळीकडं मोडलेला. 'ॲ' आणि 'ऑ'च्या जागी चौकोन. प्रूफ तीनदा तपासावं लागलं. तिसऱ्यांदा तपासायचे पैसे घेतले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं नोंदवतो. तुम्ही गेलात तर पहिल्यांदाच सांगा : सुरुवातीपासून युनिकोडात करा.

आता मूळ मुद्दा. कायदा मंजूर झाला तेव्हा एक पाचर होती. राजानं मंजूर केलेला कायदा वसाहतीला बदलायचा असेल तर नव्या कायद्यात कलम घालावं लागे, की राजाची मंजुरी येईपर्यंत हा अमलात येणार नाही. ते कलम घातलंच नाही. घालून उपयोग काय, जहाज लंडनला जाऊन परत येईपर्यंत वर्ष संपलं असतं. गव्हर्नर फॉकियर यांना वरून सूचना होत्या, तरी त्यांनी सही केली. पाद्र्यांनी जॉन कॅम नावाच्या आपल्यातल्या एकाला लंडनला धाडलं. ऑगस्ट १७५९ मध्ये राजानं, म्हणजे दुसऱ्या जॉर्जनं, आपल्या प्रिव्ही कौन्सिलात, म्हणजे सल्लागार मंडळात, कायदा नामंजूर केला. कॅम तो हुकूम घेऊन परत आले तेव्हा गव्हर्नर इतके भडकले, की त्यांनी घरच्या गुलामांना बोलावून सांगितलं : ह्या माणसाचं तोंड नीट बघून ठेवा, पुन्हा ह्याला दारात उभा करायचं नाही. साहेब लोकांचा राग शेवटी पट्टेवाल्याच्या गळ्यात, ही पद्धत बरीच जुनी दिसते.

प्रिव्ही कौन्सिल हे नाव ऐकून आमच्या पिढीच्या कोर्टवाल्यांचे कान टवकारतात. मुंबई हायकोर्टावरचं शेवटचं अपील कित्येक वर्षं तिथंच जायचं. व्हर्जिनिया काय, सोलापूर काय, शेवटचा दगड एकच होता.

मग प्रश्न असा उभा राहिला : राजानं कायदा नामंजूर केला, तो कधीपासून? नामंजूर केला त्या दिवसापासून, की कायदा जन्मालाच आला नव्हता असं धरायचं? पहिलं धरलं तर वर्ष संपून गेलंय, पाद्र्याला काही मिळत नाही. दुसरं धरलं तर फरकाची रक्कम द्यावी लागते. जेम्स मॉरी नावाच्या पाद्र्यानं १७६२ साली हॅनोव्हर काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, कोर्टात दावा लावला. ५ नोव्हेंबर १७६३ ला कोर्टानं सांगितलं, कायदा रद्दबातल. पाद्री जिंकला. आता राहिली नुकसानभरपाई किती ते ठरवायची गोष्ट, आणि ते काम ज्युरीचं. गावाच्या बाजूचे वकील दावा हरल्यात जमा धरून बाजूला झाले.

हिशेब सोपा होता. दोन तंबाखू व्यापाऱ्यांनी साक्ष दिली की त्या वर्षी शंभर रत्तलाचा भाव ५० शिलिंग होता. म्हणजे रत्तलाला ६ पेन्स. १६,००० रत्तल, ६ पेन्सनं ४०० पौंड. २ पेन्सनं १३३ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स. वीस शिलिंगांचा पौंड आणि बारा पेन्सचा शिलिंग, हे त्या मुलीनं कॅल्क्युलेटरवर दोनदा करून बघितलं आणि म्हणाली, "काका, बरोबर आहे. पण किती वाकडा हिशेब!" मी म्हणालो, आमच्या लहानपणी आणे-पै असंच होतं. म्हणजे मी ऐकून आहे. माझा जन्म नव्या पैशाच्या काळातला.

आणि इथं उतरला एक २७ वर्षांचा नवखा वकील, पॅट्रिक हेन्री. मालकांना हे नाव फार आवडलं, कारण मी लिहिलंय की हा माणूस वकील होण्याआधी दोनदा दुकान काढून बुडाला होता. "मग आम्हालाबी चान्स हाय की," असं ते झेरॉक्स काढता काढता म्हणाले. खुर्चीवर मुख्य न्यायाधीश कोण, तर हेन्रीचा बाप, जॉन हेन्री. आजच्या कोर्टात फाइलीवर 'नॉट बिफोर मी' असा शेरा पडून प्रकरण दुसरीकडं गेलं असतं. तिथं कुणाला काही वाटलं नाही. सख्खा चुलता पाद्री होता, त्याला हेन्रीनं आधीच जायला लावलं, अशी हकीकत सांगतात.

१ डिसेंबर १७६३. ज्युरी बसवतानाच मॉरी कुरकुरला. त्याचं म्हणणं, शेरिफानं प्रतिष्ठित माणसं सोडून साधी माणसं गोळा केली, आणि त्यातली काही तर सरकारी चर्चच्या बाहेरच्या पंथाची. म्हणजे ज्यांना न मानणाऱ्या चर्चचा कर भरावा लागायचा, तेच आता पाद्र्याची भरपाई ठरवणार. हेन्री म्हणाला, ही माणसं प्रामाणिक आहेत. बसवली.

त्याचं भाषण तासभर चाललं. सुरुवातीला अडखळला म्हणतात. पण मग त्यानं कायद्याचं बोलणंच सोडलं. राजा आणि प्रजा यांच्यात एक करार आहे. राजानं रक्षण करायचं, प्रजेनं आज्ञा पाळायची. लोकांच्या भल्याचा कायदा राजा रद्द करतो, तेव्हा तो बाप राहत नाही, जुलमी होतो, आणि आज्ञापालनाचा हक्क गमावतो. समोरचा वकील पीटर लायन्स ओरडला की हा राजद्रोह आहे. कोर्टात कुजबुज झाली. न्यायाधीशांनी हेन्रीला थांबवलं नाही.

ज्युरी बाहेर गेली आणि पाच मिनिटांच्या आत परत आली. भरपाई : एक पेनी.

कायदा रद्द झालेला होता, तो निकाल ज्युरीला बदलता येत नव्हता. पाद्री जिंकलेलाच राहिला. पण एक पेनीची डिक्री घेऊन तो करणार काय? आमच्याकडं म्हण आहे, दावा जिंकणं सोपं, दरखास्त चालवणं अवघड. दरखास्त म्हणजे डिक्रीची वसुली. इथं दरखास्त लावण्यासारखं काही उरलंच नाही. लायन्सनं नव्यानं सुनावणी मागितली, मिळाली नाही. लोकांनी हेन्रीला खांद्यावर घेतलं. कॅमचं स्वतःचं प्रकरण पुढं प्रिव्ही कौन्सिलापर्यंत गेलं, तिथंही पाद्र्यांच्या हाती काही लागलं नाही.

पहिल्या मसुद्यात मी इथं मोठा परिच्छेद लिहिला होता. राजसत्तेला पहिलं आव्हान, स्वातंत्र्याची ठिणगी, वगैरे. आणि ह्याच पानावर टायपिंग दोन दिवस थांबलं.

गेलो तर मुलगी म्हणाली, "काका, रागवू नका. पण तंबाखू स्वस्त झाला असता तर पाद्र्याला वरचे पैसे दिले असते काय?"

मी म्हणालो, नाही. तेव्हा तंबाखूच द्यायचे.

"मग?" ती म्हणाली. "आमची आत्या विड्या वळते. कंपनीत हजार विड्यांना पान आणि तंबाखू मोजून देतात. पान खराब निघालं तर घरच्या पैशानं आणायचं. विडी छाटली तर मजुरी नाही. भाव वाढला तर ह्यांचा, पान खराब निघालं तर तिचं. हे तसंच झालं की."

मागून बाइंडर पुढं आले. त्यांचं घर पूर्व भागात, बायको आयुष्यभर विड्या वळत आली. त्यांनी माझा कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि विचारलं, "हे गाववाले म्हणजे शेतकरी?"

मळेवाले, मी म्हणालो.

"आणि तंबाखू कोण लावायचं?"

गुलाम. मळ्यावर गुलाम राबायचे. हेन्रीकडंही होते. राजाची आज्ञा मोडायचा हक्क ज्यानं मांडला, त्याच्या घरात. ज्युरीत त्यातलं कुणी नव्हतं, साक्षीला नव्हतं. ११२ पानांत मी एकदाही लिहिलं नव्हतं.

मला त्या दिवशी घरी जाताना रिक्षा घ्यावीशी वाटली नाही. चालत गेलो. मी ३४ वर्षं कागद तपासले. वादीचं नाव, पत्ता, कोर्ट फी, मुदत. कागदात कोण नाही हे बघायचं काम कधी माझ्याकडं नव्हतं. माझ्या पुस्तिकेत राजा होता, विधानसभा होती, पाद्री, वकील, ज्युरी. राजानं आमच्या कायद्यात हात घालू नये, हे बरोबरच. मी आजही हेन्रीच्याच बाजूचा आहे. पण 'आमचा कायदा' म्हणणारे आम्ही कोण, हा प्रश्न हॅनोव्हरच्या कोर्टात कुणी विचारला नाही, आणि मीही नाही. मॉरीनं ११ दिवसांनी कॅमला लिहिलेल्या पत्रात एक गोष्ट आहे, ती मी आधी वगळली होती. खटल्यानंतर हेन्री त्याच्याकडं आला, माफी मागितली, आणि म्हणाला की हे सगळं मी फक्त लोकप्रिय व्हायला केलं. वगळली होती कारण ती माझ्या परिच्छेदाला अडचणीची होती. नायकाच्या तोंडी असलं वाक्य कोण ठेवील?

मी चार पानं नव्यानं लिहिली. पत्रातली ती गोष्ट घातली. मॉरीच्या शाळेत लहानपणी टॉमस जेफरसन, पुढं अमेरिकेचा अध्यक्ष झालेला, शिकला, हेही घातलं, निव्वळ गंमत म्हणून. मळ्याचं घातलं. दुरुस्तीचे पानामागं १५ रुपये लावले, एकूण ६०. माझ्या चुका दाखवून वर माझ्याकडूनच पैसे. पण ते बरोबरच आहे. टायपिंग परत करावं लागलं.

बाइंडिंग उत्कृष्ट. ६४ पानांची पुस्तिका, १६ पानांचे चार फर्मे, दोऱ्यानं शिवलेले. खळ घरची, त्यात मोरचूद घातलेलं, म्हणजे कसर लागत नाही. आमच्या रेकॉर्ड रूममध्ये जुने बाड असे शिवलेले होते, ते पन्नास वर्षांनी उघडले तरी पान सुटत नव्हतं. आणि कापड! रेक्झिन नको म्हटल्यावर बाइंडरांनी गाठोडं सोडलं, त्यात हातमागाच्या कापडाचे तुकडे. सोलापूरला कापडाचा काय तोटा. मी गडद लाल निवडलं, कोर्टाच्या बस्त्याचा रंग. चादरीचा तुकडाही मागून बघितला. ते म्हणाले, चादर जाड होती, कण्यावर दुमडत नाही. अनुभवी माणसाचं ऐकावं.

बिल असं : टायपिंग १,९२०, दुरुस्ती ६०, छपाई ७६८, बाइंडिंग १,६८०. एकूण ४,४२८ रुपये. मी ४,४५० दिले. मालकांनी वीसची नोट दिली आणि दोन रुपयांच्या बदल्यात काउंटरवरच्या बरणीतल्या दोन गोळ्या.

मी विचारलं, "उद्या मी झेरॉक्सला आलो आणि पैशाच्या जागी ह्याच दोन गोळ्या दिल्या, तर घ्याल?"

ते हसले. "गोळ्या आमच्याकडनं तुमच्याकडं जातात काका. उलट्या येत नाहीत."

टू पेनी ॲक्टवर मी चार पानं खर्च केली होती. कट्ट्यावर आता गोळ्या दाखवूनच सांगतो.

आता तो कापलेला स्टार. गुरुवारी देतो म्हणाले, शनिवारी संध्याकाळी दिल्या. लाइट गेली होती, हे खरं असेल. पण फोन करायचा होता. मी गुरुवारी भर उन्हात दोन फेऱ्या मारल्या, आणि सोलापूरचं ऊन म्हणजे काय ते सोलापूरकरच जाणे. रविवारी सकाळी तलावावर प्रती वाटल्या. एका मित्राला सातव्या क्रमांकाची प्रत मिळाली. तिच्यात तिसरा फर्मा, पान ३३ ते ४८, उलटा शिवलेला. म्हणजे नेमकं हेन्रीचं भाषण डोक्यावर उभं. मित्रानं पुस्तक उलटं धरून ते सगळं वाचलं, पुन्हा सुलटं केलं आणि पुढचं वाचायला लागला. मला वाटलं तक्रार करेल. तो म्हणाला, "मला वाटलं तूच मुद्दाम केलंयस."

सोमवारी परत नेली. (सोमवारी जाऊ नका. तारखांची गर्दी असते, तुमच्या हातातला कागदसुद्धा कुणी बघणार नाही.) बाइंडरांनी एक शब्द न बोलता दोरा उसवला आणि दोन दिवसांत पुन्हा शिवून दिली, पैसे न घेता. पण पुन्हा कटिंगला लावताना वरची कड दोन-तीन मिलिमीटर जास्त गेली आणि सगळे पानांचे आकडे अर्धे कापले गेले. माझ्या मते पानाचा आकडा गेला की कागदाची निम्मी किंमत गेली. संदर्भ देणार कसा? मालकांना दाखवलं तर म्हणाले, "अक्षर शाबूत आहे ना?" हे उत्तर मला पटलं नाही, म्हणून एक स्टार गेला.

मुलीला एक प्रत दिली. तिनं आत्याला दाखवते म्हणून सांगितलं. आत्याला मराठी वाचायला येत नाही, घरी सगळे तेलुगू बोलतात, म्हणून तीच वाचून सांगणार आहे. 'रत्तल'च्या जागी आत्याला काय सांगायचं, हे ती अजून ठरवतेय.

तुम्हाला लग्नपत्रिका, प्रबंध, वंशावळ, काहीही करून घ्यायचं असेल तर जा. मराठी टायपिंगसाठी तर जाच. संध्याकाळी साडेपाचनंतर गर्दी कमी असते. प्रत हातात घेतल्यावर तिथंच उभारून एकेक पान उलटून बघा. आणि सुट्टे पैसे बरोबर न्या.